पैशाच्या टेन्शनचा कामावर खरंच परिणाम होतो का, की लोक कारणं देतात?

होतो, आणि चांगलाच होतो. ओडिशात पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांवर एक प्रयोग झाला होता, मजुरी तेवढीच, फक्त काहींना त्यातली बरीचशी रक्कम थोडी आधी दिली, तर हातात पैसे पडल्यावर त्यांचं काम वाढलं आणि चुका कमी झाल्या, आणि जे जास्त गरीब त्यांच्यात फरक जास्त. म्हणजे आळस वगैरे काही नाही, डोकं उधारीत अडकलेलं असतं.

ऑफिसात पण तेच ना, लोन अ‍ॅपवाल्यांचे फोन सुरू झाले की माणूस जिन्यात जाऊन बोलतो, एक्सेलमध्ये चुकतो, वरून शिव्या खातो. आणि सोडून जायचं म्हणाल तर असा माणूस दोन हजार जास्त मिळाले तरी जातो, त्याला करिअर-बिरिअर बघायला वेळच नसतो (एचआरवाले मग त्याला लॉयल्टी नाही म्हणतात, कमाल आहे).

कंपनीने योगा सेशन ठेवण्यापेक्षा पगार वेळेवर करावा, कायद्याने तसाही पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावाच लागतो. अडचणीला बिनव्याजी अ‍ॅडव्हान्स द्यावा, ४-५ हप्त्यात कापून घ्यावा, आणि तो मागताना साहेबासमोर हात जोडायला लावू नये.