दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन करताना जाळी न ठोकता नुसती ठेवली तर ती सरकणार नाही का?

वडिलांच्या सर्जननी 'जाळी ठोकणार नाही, नुसती पसरून ठेवू' असं सांगितल्यावर तुम्ही धास्तावलात, यात नवल नाही. मी स्वतः सर्जन आहे, जांघेतल्या हर्नियाची ऑपरेशनं दुर्बिणीतून करतो, आणि बहुतेक रुग्णांत मीही जाळी ठोकत नाही.

हर्नियाचं भोक झाकणारी ही कृत्रिम जाळी पोटाचे स्नायू आणि पोटाचं आतलं अस्तर यांच्या मधे बसते. ऑपरेशन संपवून, जागा करण्यासाठी आत भरलेला गॅस सोडला की अस्तर जागेवर येतं आणि जाळी दोहोंमधे चेपली जाते. खोकला आला की पोटातला दाब वाढतो, पण तो जाळीला भिंतीवर आणखी घट्टच दाबतो. बाहेरून चिरा देऊन स्नायूंच्या वरच्या बाजूला जाळी बसवतात तेव्हा हाच दाब तिला उचलू पाहतो, म्हणून तिथे टाके लागतात. पुढच्या काही आठवड्यांत जाळीच्या छिद्रांतून ऊतक वाढतं आणि ती अंगाचाच भाग होते.

हर्निया परत होण्याची कारणं बहुधा वेगळी असतात: जाळी लहान पडते, किंवा आतली जागा पुरेशी मोकळी न केल्यामुळे तिची खालची कड दुमडते. जाळी किमान 10 × 15 सेंमी हवी. आणि गंमत अशी, की जिथे कड उलटण्याची भीती असते तिथेच टॅकर (जाळीला बारीक टाचण्या, म्हणजे टॅक, ठोकणारं उपकरण) चालवता येत नाही. तिथून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मांडीच्या नसा जातात. नस टॅकमधे सापडली तर मांडीत आग होत राहते, कधी कधी महिनोन्‌महिने.

जाळी ठोकणं आणि न ठोकणं यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत हर्निया परत होण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसलेला नाही. खर्च मात्र टॅकरने वाढतो.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. हर्निया डायरेक्ट प्रकारचा, म्हणजे पोटाच्या भिंतीच्या कमकुवत भागातून थेट बाहेर आलेला असेल आणि भोक 3 सेंमीपेक्षा मोठं असेल, तर जाळी त्या भोकातच ढकलली जाऊ शकते. अशा वेळी मी ती पक्की करतो. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. टॅक नको असतील तर वैद्यकीय गोंदाचा पर्याय असतो. भोक नेमकं केवढं ते आत पाहिल्यावरच कळतं, त्यामुळे 'मोठं निघालं तर काय कराल?' एवढं सर्जनना आधीच विचारून ठेवा.