कुलूप कोणत्या मेथडला?

प्रिय,

तुझा जावा कोड वाचला. बेस क्लासमधल्या सगळ्याच मेथडना तू फायनल लावलंयस, म्हणजे त्यावरून बनणाऱ्या क्लासला, सबक्लासला, त्या बदलता येऊ नयेत असं कुलूप घातलंयस. त्यामागची काळजी कळते, कारण एकेकाळी मी नेमकं उलटं केलं होतं.

बिलिंगचा बेस क्लास माझाच होता. त्यातली ‘बिल बनव’ ही मेथड आधी तपासणी करायची, मग हिशेब, शेवटी ऑडिटची नोंद. ती मी उघडी ठेवली. सवलतीच्या बिलांसाठी एका सहकाऱ्याने सबक्लास केला, मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे तिथे स्वतःची आवृत्ती लिहिली, आणि सुपरला, म्हणजे माझ्या मूळ मेथडला, कॉल करायचं राहून गेलं. बिलं बरोबर निघत होती, त्यामुळे शंका कुणाला येणार? महिनाअखेरीस ताळा जुळेना, तेव्हा नोंदीच नसल्याचं कळलं. त्या सहकाऱ्याला मी कधीच दोष दिला नाही. जो क्रम मोडताच कामा नये, तो मी दुसऱ्याच्या आठवणीवर सोडला होता.

मग ‘बिल बनव’ फायनल केली आणि आतली ‘हिशेब कर’ तेवढी प्रोटेक्टेड, अॅबस्ट्रॅक्ट ठेवली, म्हणजे सबक्लासने भरायची रिकामी जागा. आता सबक्लासने हिशेब हवा तसा करावा. नोंद त्याला टाळता येत नाही, कंपायलरच अडवतो. तुझ्या क्लासमध्येही असा क्रम सांभाळणारी मेथड एकच आहे. ती शोध.

कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमधून, बोलावलेली मेथडही बंदच हवी. जावात बेसचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो. त्या वेळी सबक्लासच्या फील्डना अजून किंमत मिळालेली नसते, आणि ओव्हरराइड केलेली मेथड नेमकी त्यांनाच हात लावते.

सर्व्हिस क्लासमधलं फायनल मात्र आजच काढ. काल दुपारभर तू ज्या नल पॉइंटरच्या (रिकामा संदर्भ वापरल्याच्या एररच्या) मागे होतीस, तो तिथलाच आहे. डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनसाठी स्प्रिंग हे फ्रेमवर्क तुझ्या क्लासचा सबक्लास करून प्रॉक्सी, म्हणजे मधला प्रतिनिधी, बनवतं. फायनल मेथड त्याला ओव्हरराइड करता येत नाही. मग ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही, मेथड थेट प्रॉक्सीच्या ऑब्जेक्टवर चालते, आणि तिथे तुझी रिपॉझिटरी, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट, नल असते. एररमध्ये फायनलचा उल्लेखही नसतो, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पुढे कोटलिन भाषेवर गेलीस तर तिथे मेथड मुळातच बंद असते, उघडायला ओपन लिहावं लागतं. मला ही पद्धत जास्त पटते. पायथनमध्ये ३.८ पासून फायनलचा डेकोरेटर आहे, पण तो टाइप चेकरपुरता, म्हणजे कोड न चालवता तपासणाऱ्या साधनापुरता; प्रोग्राम चालताना कुणी अडवत नाही.

बदल करून कोड पुन्हा पाठव. उघड्या ठेवलेल्या प्रत्येक मेथडवर एक ओळीची कॉमेंट लिही: सबक्लासने इथे काय बदलणं अपेक्षित आहे. जिथे ती ओळ सुचणार नाही, त्या मेथडबद्दल आपण बसून बोलू.