सुरुवातीच्या वसाहतीत राहिलेल्या आणि तरुणपणीच गेलेल्या एखाद्या आईची खरी गोष्ट माहीत आहे का? तिच्या मुलांचं पुढे काय झालं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की नवा मुलूख वसवणाऱ्यांच्या इतिहासात कप्तान, गव्हर्नर आणि जहाजांची नावं सापडतात, पण बायका कुठे गेल्या ते कळत नाही. मला एक बाई माहीत आहे. तिची पत्रं उरली म्हणून ती उरली.

जॉर्जियाना मोलॉय. मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थला राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली, आणि पहिली चार वर्षं मीही हे नाव ऐकलं नव्हतं. एकदा रोपवाटिकेत बोरोनियाचं झुडूप घेत होते. गुलाबी, घंटेसारखी फुलं, पानं चुरगळली की वास येतो. कुंडीतल्या पट्टीवर ‘बोरोनिया मोलॉये’ लिहिलं होतं. गल्ल्यावरच्या आजी म्हणाल्या, हे एका बाईचं नाव आहे बरं का, सात बाळंतपणं करून सदतिसाव्या वर्षी गेली. मी तेव्हा सातव्या महिन्यात होते. घरी येऊन पहिलं काम केलं ते तिच्याबद्दल वाचायचं. (गरोदर बाईने असलं वाचू नये, असं आई फोनवर म्हणाली. तिचं चुकत नव्हतं.)

जॉर्जियाना केनेडी 1805 च्या 23 मेला इंग्लंडच्या उत्तरेला, कार्लाइलच्या परिसरात जन्मली. वडील ती लहान असतानाच गेले. घरात फारसं पटेना म्हणून तरुणपणी ती स्कॉटलंडमध्ये डनलॉप नावाच्या स्नेह्यांकडे राहिली. धार्मिक, वाचणारी, बागेची वेडी. 1829 च्या ऑगस्टमध्ये तिने कॅप्टन जॉन मोलॉयशी लग्न केलं. तो वॉटर्लूच्या लढाईत जखमी झालेला फौजी, तिच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वयाचा. दोन-अडीच महिन्यांत दोघं ‘वॉरियर’ जहाजाने पश्चिम ऑस्ट्रेलियाला निघाली. 1830 च्या मार्चमध्ये पोचली तेव्हा तिला सातवा महिना होता. माझा तो महिना सोफ्यावर गेला, तिचा जहाजावर.

इथे येऊन बघतात तर स्वान नदीकाठची चांगली जमीन आधीच्या लोकांनी घेऊन टाकलेली. गव्हर्नर स्टर्लिंगने सुचवलं, दक्षिणेला जा, केप लीविनजवळ नवं गाव वसवू. त्या गावाचं नाव ऑगस्टा. आज पर्थहून गाडीने साधारण सव्वातीनशे किलोमीटर. हिंदी महासागर आणि दक्षिण महासागर जिथे एकमेकांना भेटतात ते टोक. मे महिन्यात मोलॉय, बसेल भाऊ, टर्नर कुटुंब अशी थोडी माणसं तिथे उतरली. आपल्याकडे मे म्हणजे आंबे आणि घामोळं. त्या टोकावर मे म्हणजे थंडी आणि पावसाची सुरुवात. घर नाही, वाट नाही, पाठीला काळ्याशार झाडांची भिंत.

23 मेला ती पंचवीस वर्षांची झाली. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या तंबूत बाळंत झाली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तंबू गळत होता, म्हणून तिच्यावर छत्री धरावी लागली. मुलगी झाली. थोडेच दिवस जगली.

मी हे माझ्या घरात हीटर लावून वाचत होते. पहिलटकरणीला माहेरी न्यायचं, सुईण असो की डॉक्टर, उशाशी आई हवी, सव्वा महिना शेक-शेगडी, धुरी, कान बांधून ठेवायचे, कुणी काही काम सांगायचं नाही, ही आपली रीत. मला ती नेहमी थोडी अतीच वाटायची. त्या दिवशी नाही वाटली.

त्या मुलीबद्दल जॉर्जियाना मन मोकळं करते ते तीन वर्षांनी. तेसुद्धा स्कॉटलंडमधल्या हेलन या मैत्रिणीचं बाळ गेलं म्हणून, तिचं सांत्वन करताना. 1833 च्या त्या पत्रात ती लिहिते की या उदास मुलखात, जवळ फक्त मोलॉय असताना, बाळ माझ्या हातात गेलं. तेव्हा जे भोगलं ते सांगायला भाषा तयार होत नाही. आणि पुढे कबरीचं वर्णन: वर इंग्लंडचं क्लोव्हर गवत लावलंय, पण या रानात ती कबर वेगळी आणि एकटीच दिसते. आधी मला यात फक्त दुःख दिसलं. मग लक्षात आलं की त्या रानातल्या कबरीवर तिने परदेशाहून आणलेलं बी पेरलं होतं.

1831 मध्ये सबीना, 1834 मध्ये मेरी, 1836 मध्ये जॉन. मुलं वाढत होती, नोकरमाणसं कमी होत होती. ज्या घरात तिला कामाला हात लावावा लागला नसता तिथून आलेली बाई आता धुणं, भाकरतुकडा, शिवण, मुलांचं शिकवणं, सगळं करत होती. मोलॉय मॅजिस्ट्रेट, सरकारी कामासाठी कित्येक दिवस बाहेर. 1832 मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्राचा शेवट मला तोंडपाठ झालाय, कारण तो कुठल्याही काळातल्या आईचा आहे: डोकं दुखतंय, धुतलेले कपडे आवरायचेत, बाळाला निजवायचंय, चहा करून बिनदुधाचा प्यायचाय, कारण आमची गाय दुसऱ्याच्या हद्दीत शिरली म्हणून तिला गोळी घातली, मग प्रार्थना म्हणून झोपायचंय. तू इथे मदतीला असतीस तर! गाईचं वाक्य कसं मध्येच, सहज येतं बघा. शेजारी म्हणून जे मूठभर लोक होते त्यांचे आपसांतले संबंधही कळतात त्यातून.

1836 च्या शेवटी इंग्लंडहून एक पेटी आली. पाठवणारा कॅप्टन जेम्स मँगल्स, निवृत्त नौदल अधिकारी, गव्हर्नरच्या बायकोचा नातलग, वनस्पतींचा शौकीन. ओळख ना पाळख. पेटीत विलायती फुलांचं बी होतं आणि विनंती होती की बदल्यात तुमच्या रानातलं बी भरून पाठवा. त्या काळी इंग्लंडमधल्या बागवाल्यांना ऑस्ट्रेलियन झाडांचं खूळ लागलेलं. बरेच वसाहतवाले असल्या विनंत्यांना वाटाण्याच्या अक्षता लावत. हिने उत्तर दिलं, की मला वनस्पतिशास्त्र येत नाही आणि वेळही नाही, पण बघते.

मग 1837 चा नोव्हेंबर. जॉन दीड वर्षाचा, दुडुदुडु चालणारा. सकाळच्या घाईत थोडा वेळ कुणाचंच लक्ष नव्हतं. शोधाशोध झाली आणि तो घराजवळच्या विहिरीत सापडला. हे सगळं तिने कधीही न भेटलेल्या मँगल्सला लिहिलंय, पेटीला उशीर का झाला हे सांगताना. ते पत्र मी एकदाच वाचलं, पुन्हा वाचणार नाही. आमच्या घरात तेव्हा एक दीड वर्षाचा मुलगा होता.

यानंतर ती फुलांकडे वळली. ‘दुःख विसरायला’ असं सगळे लिहितात. मला ते अर्धंच खरं वाटतं. त्या आयुष्यातली बाकीची प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणासाठी होती. सकाळी मुलांना घेऊन रानात जायचं, कळी कधी आली, बोंड कधी तडकणार यावर महिनोन्महिने नजर ठेवायची, फूल दाबून वाळवायचं, त्याच झाडाचं बी नेमकं त्याच्याच क्रमांकाच्या पुडीत घालायचं, आणि रोप कुठल्या जमिनीत उगवलं ते टिपून ठेवायचं, हे तिचं स्वतःचं होतं. ज्यांना बागकाम ठाऊक आहे त्यांना कळेल, फूल तोडणं सोपं. बी धरायचं तर त्याच झाडाशी नेमक्या आठवड्यात परत जावं लागतं, नाहीतर मुंग्या आणि वारा घेऊन जातात. तिचं बी स्वच्छ, ताजं, नावनिशीवार असे, म्हणून ते इंग्लंडमध्ये उगवलं. मँगल्सने ते जॉन लिंडलीसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाला आणि चॅट्सवर्थच्या बागेचा प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टनला वाटलं. तिने मँगल्सला लिहिलंय, की माझं फुलांचं वेड इतकं समजून घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. आणि ‘भेटला’ तरी कुठे होता! एक पत्र जाऊन उत्तर यायला वर्षही लागायचं.

त्यातलं एक झाड मी तुम्हाला मुद्दाम सांगते. इथे त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, कारण डिसेंबरच्या उन्हात ते नारिंगी फुलांनी पेटतं. इथले मूळ रहिवासी नूंगार लोक त्याला मूडजार म्हणतात. हे झाड म्हणजे आपल्या बांडगुळाचं भावंड. एवढा मोठा वृक्ष, पण जमिनीखालून शेजाऱ्यांची मुळं धरून त्यांचा रस पितो. जॉर्जियानाने त्याचं बी मिळवायला जो खटाटोप केला तो पत्रांत जागोजागी दिसतो. इंग्लंडच्या कुंडीत ते धड वाढणं कठीणच. शेजारी नसतील तर हे झाड जगणार कशावर?

हे सगळं ती एकटी शोधत नव्हती. फुलं आणि बी हुडकण्यात गोऱ्यांपेक्षा इथल्या लोकांचीच जास्त मदत होते, असं तिने स्वतः लिहून ठेवलंय. त्यांना कुठलं झाड कुठे हे शोधावं लागत नसे, ते तिथलेच होते. ‘पायोनियर’ (नवा मुलूख वसवणारे) हा शब्द मला म्हणूनच टोचतो. जिला ती ‘रान’ म्हणते ती नूंगारांपैकी वाडांडी लोकांची हजारो वर्षांची वस्ती. 1839 मध्ये मोलॉय कुटुंब ऑगस्टा सोडून वासे नदीवर, आजच्या बसल्टनला गेलं. ऑगस्टाची दाट झाडी तोडून शेती होणं अशक्यच होतं. तिथे 1841 च्या फेब्रुवारीत जॉर्ज लेमन नावाचा वसाहतवाला एका नूंगार माणसाच्या भाल्याने मेला. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांच्या टोळीने वॉनरपच्या परिसरात नूंगारांना मारलं. त्या कारवाईच्या पुढे होता मॅजिस्ट्रेट जॉन मोलॉय. नूंगार घराण्यांच्या आठवणीत ते हत्याकांड म्हणूनच आहे. ज्या घरात बियांच्या पुड्या बांधल्या जात होत्या, बंदुका घेऊन माणूस निघाला तो त्याच घरातून. तिच्याबद्दल माया वाटते म्हणून हे मी गाळणार नाही.

1838 मध्ये अमेलिया, 1840 मध्ये फ्लोरा, 1842 च्या डिसेंबरमध्ये सातवं बाळंतपण. बारा वर्षांत सात. यावेळी ती अंथरुणातून उठली नाही. भर उन्हाळ्यात चार महिने खंगत राहिली. बाळंतिणीचा ताप हातांच्या अस्वच्छतेतून पसरतो हे सेमेलवाइसने व्हिएन्नाच्या इस्पितळात दाखवलं 1847 मध्ये, आणि तेव्हाही डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं. म्हणजे इंग्लंडमध्येच राहिली असती तर वाचलीच असती असं छातीठोक म्हणता येत नाही. पण एवढी बाळंतपणं, त्यांच्यामध्ये दोन मुलांची मरणं, आणि एकाही वेळी हक्काने चार दिवस पडून राहायला माहेर नाही. माझ्या मते तिला ना रानाने मारलं ना समुद्राने. ती झिजून गेली. 1843 च्या एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा अडतिसावा वाढदिवस दीड महिन्यावर होता. इंग्लंडमधल्या एका बागप्रेमीने मँगल्सला लिहिलं, परदेशी गेलेल्यांत दहा हजारांत एकानेही आपल्या देशाच्या बागांसाठी एवढं केलं नसेल. स्तुती खरी आहे. फक्त तिच्या हयातीत एकाही झाडाला तिचं नाव दिलं नाही, मँगल्सचं मात्र दिलं. बोरोनियाला तिचं नाव मिळालं ते खूप पुढे.

जाता जाता एक. माझ्या बाळंतपणाला आई आली तेव्हा तिच्या बॅगेत लाडवांसाठी आणलेले पावशेर अळीव होते. विमानतळावर ते काढून घेतले, कारण या देशात बाहेरचं बी आणण्यावर कडक निर्बंध आहेत. तीन दिवस आई चिडून होती. मी तिला जॉर्जियानाच्या पेट्यांची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, “तिला चालत होतं, मला नाही होय!” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलगा सहा आठवड्यांचा झाल्यावर आम्ही तिला बसल्टन दाखवायला नेलं. तिथे जॉर्जियानाच्या नावाची शाळा आहे. आई फाटकापाशी थांबली, पाटी वाचली आणि विचारलं, मुलींचं पुढे कोणी केलं मग? तुमच्यासारखंच.

तर मुलींचं. आई गेली तेव्हा थोरली सबीना अकरा वर्षांची होती. तिने 1848 मध्ये मॅथ्यू हेल या धर्मगुरूशी लग्न केलं; ते पुढे पर्थचे पहिले बिशप झाले. मेरीचं लग्न 1855 मध्ये एडमंड ड्यू केन या इंजिनिअर अधिकाऱ्याशी झालं, जो नंतर इंग्लंडच्या तुरुंगांचा कारभारी म्हणून नावाजला. पाचही मुली मोठ्या झाल्या. बाप 1867 पर्यंत जगला. आणि ती सातवी, जी चार महिन्यांची असताना आई गेली, तिचं नाव जॉर्जियानाच ठेवलं होतं.