हरिपाठाला नुसते ओठ हलतात

प्रश्न : उन्हाळी वारकरी शिबिरात 13 ते 15 वर्षांची दहा मुलं माझ्याकडे आहेत. हरिपाठाला नुसते ओठ हलवतात. एकाने तर ‘देव खरंच असतो का?’ असं विचारलं. काय करू?

उत्तर : आधी टाळ हातात द्या. दोरी बोटाला गुंडाळून टाळ मोकळा धरायला शिकवा. मुठीत आवळला की नाद दबतो, मुलगा लाजतो आणि थांबतो. हरिपाठाचे सगळे 27 अभंग एका दमात म्हणवून घेतलेत तर ओठच हलणार. रोज एकच घ्या, अर्थासकट.

त्या प्रश्नाला चारचौघांत उत्तर नको, दटावणी तर नकोच. रात्री अंथरुणं घालताना निवांत बोला. तुम्हालाही शंका असेल तर तसं सांगा; या वयाला ढोंग चटकन कळतं. आणि उद्या पंगतीत वाढायला त्यालाच उभं करा.