पानाचा फोटो आला आणि पुस्तक गेलं

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेच्या लायब्ररीतून मागच्या महिन्यात एक कादंबरी काढून टाकली, कारण काय तर पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी एका पानाचा फोटो टाकला आणि दोन दिवस नुसता मेसेजचा पाऊस. मी ती पूर्ण वाचलीये. त्यात घरातली मारहाण आहे हे खरंय, पण ती मुलगी त्यातून कशी सुटते तीच तर सगळी गोष्ट आहे ना! मी काही बोलायला गेले की "तुम्हाला मुलांनी असलंच वाचायला हवंय का" म्हणून गप्प करतात. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, आधी त्या ग्रुपवर वाद घालणं थांबवा, तिथे कुणाचंच मत बदलत नाही, फक्त तुमची झोप जाते. शाळेला साधं एक पानी पत्र द्या आणि पोच घ्या. विचारा की निर्णय कुणी घेतला, कारण काय लिहिलंय, आणि निर्णय घेणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. या शेवटच्या प्रश्नावर भले भले अडकतात.

मी बरीच वर्षं शाळेच्या लायब्ररीत काढलीत म्हणून सांगते. एकदा एक गृहस्थ आले, हातात दोन झेरॉक्स, चार ओळींवर पिवळा हायलायटर. मी कपाटातून पुस्तकच काढून पुढे ठेवलं, म्हटलं आठवडाभर न्या, वाचा, मग बसून बोलू. तर म्हणे असली पुस्तकं मी घरात नेत नाही! झालं, पुस्तक ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. गंमत म्हणजे त्याच्या मागच्या स्लिपवर तीन वर्षांत मिळून चार शिक्के होते, कुणी ढुंकून बघत नव्हतं, आणि कुलूप लागल्यावर पंधरा दिवसांत त्याचीच दुसरी कॉपी नववीच्या वर्गात फिरत होती, वर भूगोलाच्या वहीचं कव्हर.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, पण अमेरिकेतली एक केस माहीत असू द्या. न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज इथल्या स्कूल बोर्डाने (म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळाने) 1976 मध्ये एका पालक संघटनेच्या लिस्टवरून शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं काढायला लावली. मग 4 पालक आणि 4 शाळेतली माणसं अशी कमिटी नेमली, आणि कमिटीने त्यातली काही ठेवा म्हटल्यावर तिचंही ऐकलं नाही, 9 पुस्तकं बाहेरच. मुलं कोर्टात गेली आणि 1982 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 अशी त्यांची बाजू उचलून धरली. त्या पाच न्यायाधीशांचं कारणांवर पूर्ण एकमत नव्हतं म्हणून निकाल वाटतो तेवढा भक्कम नाही, पण मुख्य मतातला मुद्दा तुमच्या कामाचा आहे, की नुसते त्यातले विचार पटत नाहीत म्हणून बोर्डाला लायब्ररीतलं पुस्तक हटवता येणार नाही. सिलॅबसमध्ये काय शिकवायचं हा भाग त्यात नव्हता, तेव्हा पत्रात "लायब्ररी" हा शब्द ठळक येऊ द्या. आणि 1989 चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आहेच, त्याच्या 13 व्या कलमात माहिती आणि विचार मिळवायचा हक्क मुलांना दिलाय, छापील सुद्धा. (हा करार मान्य न केलेला एकमेव सदस्य देश म्हणजे परत अमेरिकाच, काय बोलणार!)

प्रश्न : तुमचं पटतं, पण सहा वर्षांच्या पोराच्या हातात काहीही द्यायचं का? पालक म्हणून आम्हाला काही अधिकार आहे की नाही? – एक वडील

उत्तर : आहे की, तुमच्या पोरापुरता पूर्ण आहे. लायब्ररीत चिठ्ठी द्या की याला अमुक पुस्तक देऊ नका, कुठलाही लायब्ररियन ऐकेल. पण तुमच्या चिठ्ठीवर वर्गातल्या बाकी सगळ्यांनी का चालायचं? वयानुसार शेल्फ लावणं, फाटकी आणि माहिती जुनी झालेली पुस्तकं काढणं हे काम रोजच चालतं, त्याला कुणी बंदी म्हणत नाही. बंदी म्हणजे ज्याला वाचायचंय आणि ज्याच्या वयालाही ते झेपतंय त्याच्या हातातून काढून घेणं.

आणि एकदा चार ओळी शोधून पुस्तक हटवायचं ठरलं की ते थांबत नाही हो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात 2022 मध्ये शाळांतून अश्लील पुस्तकं काढायचा कायदा आला, तर एका पालकाने त्यावर वैतागून बायबलविरुद्धच तक्रार टाकली, त्यात पण अश्लील मजकूर आहे म्हणून. 2023 मध्ये तिथल्या शाळा चालवणाऱ्या डेव्हिस स्कूल डिस्ट्रिक्टने लहान मुलांच्या शाळांमधून बायबल खरंच काढलं, मग आरडाओरडा झाला आणि जूनमध्ये परत ठेवावं लागलं. मोजपट्टी हीच असेल तर तुमच्या आवडीचं पुस्तक टिकेल याची गॅरंटी कुणी घेणार?

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या लायब्ररीच्या सरांनी तक्रार नसतानाच काही पुस्तकं आत ठेवून दिलीत. "उगाच लफडं नको" म्हणतात. हे पण बॅनच ना?

उत्तर : हो बाळा, आणि हाच प्रकार जास्त वाईट वाटतो मला, कारण याचा कागदच कुठे नसतो, विरोध तरी कशाला करणार? पण सरांवर चिडू नकोस, तक्रार आली की सगळे त्यांच्याच टेबलाशी येतात. मागणीची वही असेल तर त्यात पुस्तकाचं नाव, तुझं नाव आणि तारीख लिही, दोन मित्रांना पण लिहायला सांग. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सरांना दाखवायला काहीतरी असेल. आणि पुस्तक मिळालं की वेळेवर परत कर रे, तुझ्यामागे नंबर लावून मुलं बसलेली असतील.