अमेरिकन फुटबॉल या इमो (पंक रॉकमधून आलेला भावुक संगीतप्रकार) बँडचे पहिले तिन्ही अल्बम एकाच नावाचे आहेत. त्यांच्यात खरंच फरक आहे का? कुठून ऐकायला सुरुवात करू?

फरक आहे, आणि तो फक्त वाद्यांचा नाही.

1999 चा पहिला अल्बम इलिनॉयमधल्या अर्बानाच्या तीन कॉलेजच्या पोरांचा: माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लामोस. इमो म्हणजे डोळ्यांत काजळ नि बेंबीच्या देठापासून ओरडणं असं वाटत असेल, तर इथे त्यातलं काहीच नाही. वेगळ्या ट्यूनिंगमध्ये लावलेल्या दोन स्वच्छ गिटार एकमेकींत गुंतत जातात, ठेका धरायला गेलात की मात्रा चुकते. मध्येच ड्रमर लामोसचा ट्रंपेट येतो. शब्द मोजकेच. ‘नेव्हर मेंट’ या गाण्यात नातं तुटलंय, पण आरोप नाहीत; झालं गेलं विसरू या, एवढीच विनवणी. बाकीचं गिटारवर सोडलंय.

2000 मध्ये बँड बंदच पडला. गंमत म्हणजे प्रसिद्धी त्यानंतर इंटरनेटवर हळूहळू वाढत गेली, इतकी की 2014 मध्ये त्यांना पुन्हा एकत्र यावं लागलं. माइकचा चुलतभाऊ नेट बेसवर आला.

2016 चा दुसरा अल्बम मला अर्धवट वाटतो. आवाज पुढे आलाय, शब्द वाढलेत, आणि पहिल्यातल्या मोकळ्या जागा नेमक्या त्यांनीच भरल्यात. चाहते यावर भांडतील, भांडू देत.

2019 चा तिसरा मात्र वेगळाच आहे. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचं ते प्रसिद्ध घर इथे नाही. पहिलंच गाणं ‘सिल्युएट्स’ सात मिनिटांहून लांब, व्हायब्राफोनच्या (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) किणकिणाटाने उघडणारं. पुढे एका गाण्यात लहान मुलांचा कोरसही आहे. ‘अनकम्फर्टेबली नम’मध्ये पॅरामोर या रॉक बँडची गायिका हेली विल्यम्स सोबत गाते. तरुणपणी बापाला दोष दिला, आता स्वतः बाप झाल्यावर दारूला देतोय, असं चाळिशीतला किन्सेला त्यात कबूल करतो. दुःख तेच, पण आता घरात बायको-पोरं आहेत. कॉलेज संपलं की सुटका होईल, ही सोय राहिलेली नाही.

तुम्ही तिशी ओलांडली असेल तर तिसऱ्यापासून सुरुवात करा, नाहीतर पहिल्यापासून. ट्रंपेट आवडत असेल तर आधी पहिल्या अल्बममधलं ‘द समर एंड्स’ लावा. दुसरा अल्बम शेवटी ऐकलात तरी काही बिघडत नाही.