वाय-फाय सेन्सरचा पॉवर सेव्ह (वीज वाचवायला रेडिओ मधूनमधून झोपवणं) चालू केला की आज्ञा उशिरा पोहोचतात, बंद केला की बॅटरी टिकत नाही. मधला मार्ग कसा काढावा?

आधी हे ठरवा, की तुमच्या सेन्सरला बोलायचं जास्त आहे की ऐकायचं. दोन्हीकडचा उशीर एकच धरला, की घोळ तिथेच होतो. रेडिओ झोपलेला असला तरी सेन्सरला स्वतःहून काही पाठवायचं असेल तर तो लगेच उठून पाठवू शकतो. थांबावं लागतं ते बाहेरून येणाऱ्या निरोपाला. राउटर तो निरोप राखून ठेवतो आणि बीकनमधून, म्हणजे ठरावीक वेळाने सोडलेल्या छोट्या संदेशातून, कळवतो. बीकन सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. सेन्सर दर तिसऱ्या बीकनला उठत असेल, तर आज्ञा सुमारे ३०० मिलिसेकंदांपर्यंत रखडणार.

मग आणखी जास्त का झोपवू नये? मी ईएसपी३२ या वाय-फाय चिपवर तेच केलं होतं. लिसन इंटरव्हल (किती बीकननंतर उठायचं तो आकडा) १० ठेवला, म्हणजे सेकंदातून साधारण एकदा उठायचं. टेबलावर सगळं छान चाललं. दुसऱ्या दिवशी रीडिंग व्यवस्थित येत होती, पण लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली, तर उत्तरच नाही. शोधता शोधता कळलं, की लॅपटॉप आधी 'हा आयपी कुणाचा?' असं एआरपीने (आयपीवरून उपकरण शोधायच्या पद्धतीने) सगळ्यांना विचारतो. असा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा निरोप, फक्त डीटीआयएम या ठरावीक बीकनच्या पाठोपाठ जातो, आणि नेमका तेव्हा माझा सेन्सर झोपलेला. हा साधा उशीर नव्हता, निरोप हरवतच होता. तेव्हापासून ज्याला ऐकायचं आहे त्याला मी डीटीआयएमच्या पलीकडे झोपवत नाही.

ब्लूटूथ लो एनर्जी चालत असेल तर जरूर विचार करा, तिथे ही सोय फार सुंदर आहे. कनेक्शन इंटरव्हल (दोन भेटींमधलं अंतर) ३० मिलिसेकंद आणि पेरिफेरल लेटन्सी (उपकरणाला किती भेटी चुकवता येतील तो आकडा) ३० ठेवा. बटण दाबलं तर ३० मिलिसेकंदांच्या आत पुढची संधी मिळते. एरवी उपकरण ९३० मिलिसेकंद झोपू शकतं. सुपरव्हिजन टाइमआउट (किती वेळ शांतता राहिली की कनेक्शन तुटलं समजायचं ती मर्यादा) मात्र १.८६ सेकंदांपेक्षा जास्त हवा, नाहीतर कनेक्शन तुटू शकतं.

आणि आज्ञा पाच मिनिटं उशिरा पोहोचली तरी चालणार असेल, तर सरळ डीप स्लीप घ्या, म्हणजे रेडिओसकट जवळजवळ सगळी चिप झोपवा. उठल्यावर आधी रीडिंग पाठवा, मग सर्व्हरवर थांबलेल्या आज्ञा उचलून आणा. आयपी कायमचा नेमून द्या आणि चॅनेल लक्षात ठेवा, म्हणजे पुन्हा जोडण्यात जाणारा वेळ वाचेल. बॅटरी खरी तिथेच खर्च होते.